सज्ज्याखालचा पाचवा चेहरा

शरणबसव फोटोवाल्याला नवी पेठेत ओळखणं फार सोपं. जिथं बाकी सगळं सोलापूर खाली बघून, दुसऱ्याच्या चपलेवर पाय पडणार नाही अशा बेतानं चालतं, तिथं एक अठ्ठावन्न वर्षांचा टक्कल पडलेला माणूस गळ्यात कॅमेरा अडकवून, मान वर करून चालताना दिसला की तो शरणबसव. या मान वर करण्यापायी तो आजवर दोन हातगाड्यांना, एका गायीला आणि एका वाहतूक पोलिसाला धडकला आहे. त्यातल्या गायीनं तेवढं मनावर घेतलं नाही.

त्याला नाद आहे जुन्या इमारतींच्या तोंडांचा. गिरण्या भरात होत्या तेव्हा ज्यांच्या हातात पैसा होता त्यांनी शहरात घरं बांधली, आणि घरापेक्षा घराची रस्त्याकडची बाजू जास्त हौसेनं सजवली. चुन्याच्या गिलाव्यातले मोर, जीभ बाहेर काढलेले सिंह, सोंड उचललेले हत्ती, कुठं बंदूक धरून उभा असलेला शिपाई, तर कुठं टोपी घातलेली मडम. आता खाली मोबाईलच्या कव्हरांची दुकानं आहेत, त्यांच्या वर पाट्या, पाट्यांच्या वर कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, आणि या सगळ्याच्याही वर, कबुतरांनी पांढरा करून टाकलेला एखादा मोर अजून पिसारा फुलवून बसलेला असतो. रविवारी सकाळी दुकानं उघडायच्या आत ऊन या नक्षीवर तिरकं पडतं. त्या वेळी शरणबसव आपली जुनी स्कूटर काढतो आणि फोटो घेत फिरतो. सव्वीस वर्षं झाली, त्यानं हा नेम मोडलेला नाही. त्याची बायको महादेवी कानडीत हाक मारून म्हणते, "री, परक्याच्या घराकडं एवढं टक लावून बघताय, आपल्या घराचं छत गळतंय ते दिसत नाही का?" यावर तो म्हणतो, पावसाळ्यात बघू.

पोट मात्र माणसांच्या तोंडांवर चालतं. नवी पेठेच्या मागच्या बोळात त्याचा 'शरण फोटो' स्टुडिओ आहे, दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं बाहेर थांबावं एवढा. लग्नं ड्रोनवाल्या पोरांनी पळवली, बारशी मोबाईलनं. शरणबसवकडे उरले पासपोर्ट फोटो, अधूनमधून ओळखीतला एखादा साखरपुडा, आणि भिंतीवर हार घालून लावायचे फोटो. या शेवटच्या कामात त्याचा हात धरणारा गावात कुणी नाही. लग्नातल्या चाळीस माणसांच्या घोळक्यातून कुणाची तरी आजी शोधायची, डोळ्यांवर आलेला तिचा पदर मागं सारायचा, बसलेले गाल वर आणायचे, वांग, तीळ, डाग पुसायचे, नवं इरकल नेसवायचं आणि मागं निळं आभाळ टाकायचं. त्याच्या गिऱ्हाइकांची माणसं मेल्यावर जरा देखणी होऊनच भिंतीवर जातात. "जिवंतपणी सगळं सोसलं बिचाऱ्यानं," तो म्हणतो, "आता तरी तोंडावर डाग नको." हे तो इतक्या मायेनं म्हणतो की त्यात काही वावगं असेल असं कधी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

दसऱ्याला तीन आठवडे असताना एके दुपारी मुक्ताबाई स्टुडिओत आल्या. वय चौऱ्याहत्तर, पांढरी साडी, पायात कापडी बूट. महापालिकेच्या दवाखान्यात आया म्हणून त्यांनी उभा जन्म काढला होता आणि आता बुधवार पेठेत मुलाकडे राहत होत्या.

"जय भीम. दोन फोटू पायजेत, पासपोर्टचं."

"नमस्कार मावशी, बसा की."

पण त्या बसल्याच नाहीत. स्टुडिओच्या एका भिंतीवर शरणबसवनं आपल्या इमारतींचे फोटो चिकटवले आहेत. आजवर आलेल्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांनी त्या भिंतीचा उपयोग टेकायला केला होता. मुक्ताबाई मात्र भिंतीला नाक लावून एकेक फोटो बघत सरकायला लागल्या. बघता बघता भिंत संपली.

"ह्यात ती चार सिंहांची बिल्डिंग न्हाय व्हय?"

"कुठली हो मावशी?"

"नवी पेठंतली. आता तितं धनाजीशेटचं कापडाचं दुकान हाय बगा. पत्र्याची मोटी पाटी हाय, सगळं तोंडच झाकलंय."

शरणबसवच्या काळजाला हात घातल्यासारखं झालं. नवी पेठेतलं हे एकच तोंड असं होतं, की जे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. शेंड्यावर १९४९ हा आकडा आणि मोराच्या पिसाऱ्याचं टोक तेवढं दिसायचं, खाली दोन मजले नुसता गंजलेला पत्रा. सव्वीस वर्षं ती पाटी त्याला दाढेत अडकलेल्या शेंगदाण्यासारखी सलत होती.

"त्या पत्र्यामागं सिंह आहेत?"

"चार हायत, सज्ज्याच्या खाली. पाचवा सिंह न्हाय," मुक्ताबाई म्हणाल्या. "पाचवा माजा बाप हाय."

मग त्या बसल्या, आणि पासपोर्टचा फोटो बाजूलाच राहिला.

त्यांचा बाप धोंडिराम चुन्याच्या घाणीवर बैलामागं फिरणारा गडी. चुना मळून तयार झाला की घमेल्याच्या काठाला उरलेल्या गोळ्यातून दुपारच्या सुट्टीत पोपट, बदकं करत बसायचा. नक्षीकाम करणाऱ्या उस्तादानं ते पाहिलं आणि त्याला घाणीवरून उचलून परांचीवर चढवलं. इमारत एका कापडाच्या व्यापाऱ्याची होती. हा व्यापारी धोंडिरामाच्या जातीच्या माणसाला उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे आणि प्यायला पाणीही वरून ओतत असे. पण परांची पडली घराच्या बाहेर, तिच्यावर कोण चढतंय याला विटाळ नव्हता. सज्जा तोलणाऱ्या पाच तोड्यांवर पाच सिंहांची मुंडकी करायची असं ठरलं होतं. चार झाली आणि उस्ताद आजारी पडून गावाला गेला. पाचवं काम धोंडिरामाकडं आलं. त्यानं तिथं सिंह केला नाही, स्वतःचं तोंड केलं. व्यापाऱ्याच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे. वर बघायची सवय सोलापूरला तेव्हाही नसावी.

पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका इमारतीच्या परांचीवरून तो पडला आणि गेला. मुक्ता तेव्हा आठ महिन्यांची होती.

"फोटू काय त्याचा निघालाच न्हाय. त्या काळात आमच्यातलं कोन जातंय फोटू काडायला?" मुक्ताबाई सांगत होत्या. "माजी आई, चिमाबाई तिचं नाव, दर वर्साला त्यो गेल्याच्या दिवशी मला तितं घिऊन जायाची. समोरच्या फुटपाथवर दोगी उभ्या ऱ्हायाचो. ती म्हनायची, बोट दावू नगं, निस्तं बग. मी इसेक वर्साची हुईस्तवर गेलो. मग ती पाटी लागली. आई गेली, पन पाटी काय निगाली न्हाय."

"आणि आता?"

"आता निगनार हाय म्हनं. दसऱ्याला नवी चकचकीत पाटी करनार हायत, सगळी बिल्डिंग झाकनारी. ती एकदा बसली की परत निगंस्तवर मी काय ऱ्हात न्हाय. एका डोळ्याचं आपरेशन झालंय, दुसऱ्यात मोतीबिंदू. लांबचं काय दिसत न्हाय, नाकाजवळ धरलं तर दिसतंय. तेवडा फोटू काडून द्या दादा. माज्या बापाला एकदा मला जवळनं बगायचंय."

शरणबसवला नाही म्हणता येत नाही, हे महादेवीला लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. इथं तर नाही म्हणायची त्याची इच्छाही नव्हती.

तो उठून थेट धनाजीशेठकडे गेला. धनाजीशेठ वाईट माणूस नव्हे. दसरा तोंडावर आलेला, दुकानात माल उतरायचा, त्यात हा फोटोवाला चार सिंहांचं काय सांगतोय ते त्यांना धड कळलंही नाही. ते म्हणाले, "सोमवारी रात्री पत्रा उतरतोय. मंगळवारी दहाला शीटवाले सांगाडा ठोकायला येतील. त्याच्या आत तुला काय काढायचं ते काढ बाबा. मग वीस वर्षं तरी तिथं कुणी हात लावणार नाही."

मंगळवारी सकाळी सातला शरणबसव समोरच्या इमारतीच्या गच्चीवर होता, लांबची लेन्स लावून. समोर पहिल्यांदाच ते तोंड उघडं पडलं होतं. पन्नासेक वर्षांची जळमटं, चिमण्यांची घरटी, गंजाचे ओघळ, आणि त्यातून वर आलेले दोन मोर. एवढ्या डौलदार माना त्यानं अख्ख्या शहरात पाहिल्या नव्हत्या. सज्ज्याखाली चार सिंह ओळीनं. उस्तादाचा हात कसलेला होता, आयाळीचा केस न् केस वेगळा. आणि उजव्या टोकाला एका माणसाचं डोकं. डोक्याला मुंडासं, ओठ किंचित विलग, आत्ता काहीतरी बोलेल असे. सिंहांच्या मानानं काम कच्चं होतं. पण सिंह शोभेचे होते आणि हा माणूस खरा होता, हे लेन्समधून बघताच कळत होतं.

खाली फुटपाथवर मुक्ताबाई उभ्या होत्या. रिक्षा करून पहाटेच आल्या होत्या. मान मागं टाकून, डोळ्यांवर हात धरून वर बघत होत्या.

"दिसतोय का मावशी?" शरणबसवनं गच्चीवरून ओरडून विचारलं.

"न्हाय ओ. निस्तं पांडरं पांडरं दिसतंय." आणि लगेच, घाबऱ्या घाबऱ्या, "तुमाला दिसतोय न्हवं? हाय न्हवं तितं?"

"आहे मावशी! चांगला दिसतोय!"

त्या खाली मान घालून पदरानं डोळे पुसायला लागल्या. शरणबसवनं त्या तोंडाचे मोजून चाळीस फोटो घेतले. ऊन सरकेल तसे सावलीसाठी थांबून थांबून घेतले. पावणेदहाला शीटवाल्यांचा टेम्पो आला.

त्या रात्री तो घरच्या संगणकासमोर बसला. आता इथं शरणबसवची कामाची पद्धत सांगायला हवी, कारण सगळं तिथंच बिनसलं. चाळीसातला सगळ्यात चांगला फोटो तो निवडतो, बाकीचे काढून टाकतो. निवडलेल्या फोटोवर काम करतो आणि त्याच फोटोवर सेव्ह करतो. जुना वेगळा ठेवत नाही. हार घालायच्या फोटोंमुळे लागलेली ही सवय. गिऱ्हाइकांनाच जुना नको असतो, चांगला झाल्यावर आधीचा कशाला बघायचा?

धोंडिरामाच्या तोंडावर गंजाचा एक ओघळ होता, तो त्यानं पुसला. मुंडाशाचा टवका उडाला होता, तो भरला. गालांवर, कपाळावर, नाकावर बारीक बारीक खड्डे होते. आधी वीस वर्षांचा पाऊस, मग पत्र्याचे खिळे, चुना झडायचाच. एकेक खड्डा त्यानं शेजारचा चुना घेऊन बुजवला. असं निगुतीनं काम त्यानं कुणा जिवंत गिऱ्हाइकासाठीही केलं नव्हतं. दोन वाजता महादेवी उठून आली तेव्हा पडद्यावर एक गुळगुळीत, तरुण, देखणा चेहरा होता.

"छान केलंत," ती म्हणाली. शरणबसव समाधानानं झोपला. दुसऱ्या दिवशी एक साखरपुडा होता, त्यासाठी त्यानं कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं केलं आणि त्यावर सहाशे फोटो घेतले.

शुक्रवारी मुक्ताबाई आल्या. फ्रेम तयार होती, सागवानी पट्टीची. शरणबसवनं ती त्यांच्या हातात दिली आणि हात मागं बांधून उभा राहिला. कौतुक ऐकायला माणूस उभा राहतो तसाच.

मुक्ताबाईंनी फ्रेम नाकाजवळ धरली. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, सगळं तोंड बघितलं. मग परत बघितलं.

"कुनाचा हाय ओ ह्यो?"

"तुमच्या वडलांचा, मावशी."

"न्हाय, तुमच्याकडनं जरा चूक झाली असंल. ह्यो दुसराच कुनीतरी हाय."

"मावशी, तिथं माणूस एकच आहे. बाकीचे सिंह आहेत."

मुक्ताबाईंनी फ्रेम मांडीवर ठेवली. "माज्या बापाला लहानपनी देवी आल्या हुत्या. तोंडभर वण. त्यानं चुन्याचं तोंड केलं तवा त्यो एक बी वण त्यानं लपवला न्हाय, आई सांगायची. म्हनाली, मी त्याला इचारलं, अरं बाबा, आपल्याच हातानं करतोयास तर जरा सादं कर की. तर म्हनला, मग त्यो मी कसा?" त्यांनी स्वतःच्या गालाला बोट लावलं. "आईनं त्ये वण माज्याकडनं पाठ करून घेतलं हुतं. न्हाऊ घालताना माज्याच तोंडावर बोट ठिवून सांगायची. हितं एक. हितं दोन. हितं लांबोडा. बाप कसा हुता ते पोरीला कळाय पायजे म्हून."

शरणबसव फ्रेमकडे वाकला. "मावशी," तो म्हणाला, "ते खड्डे होते. मला वाटलं, पावसानं चुना झडलाय. मी ते बुजवले."

 मुक्ताबाई चिडल्या असत्या, चार शिव्या दिल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "असू द्या. तुमी चांगल्या मनानंच केलं." आणि उठल्या. फ्रेम त्यांनी खुर्चीवर अलगद ठेवली. "ह्यो हितंच ऱ्हाऊ द्या दादा. घरी ठिवून काय करू? माज्या घरात परका मानूस."

त्या दिवशी शरणबसव पहिल्यांदा खाली बघत नवी पेठेतून गेला. कार्डावरून पुसले गेलेले फोटो परत आणून देणारा एक पोरगा होता, त्यानं दोन तास खटपट केली आणि साखरपुड्याचे जिलेबीचे फोटो तेवढे काढून दाखवले. मग तो धनाजीशेठच्या दुकानासमोर उभा राहिला. निळी चकचकीत शीट जमिनीपासून शेंड्यापर्यंत बसली होती, तिच्यात समोरच्या रिक्षा दिसत होत्या. मागं मोर होते, सिंह होते, एक माणूस होता, आणि त्यांच्यापर्यंत पोचायची वाट आता कुणालाच नव्हती.

घरी येऊन तो जेवला नाही. महादेवीनं भाकरी झाकून ठेवली आणि विचारलं, तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. तिनं भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. 

"अप्पांचा फोटो कसा केला होता ते आठवतंय का?" ती म्हणाली.

अप्पा म्हणजे शरणबसवचे वडील. गिरणीत होते. मागाचा धोटा उडून डाव्या भुवईच्या वर लागला होता, त्याची तिरकी खूण शेवटपर्यंत राहिली. ते गेले तेव्हा शरणबसव पंचवीसचा होता. हार घालायचा पहिला फोटो त्यानं आपल्या बापाचाच केला होता आणि ती खूण पुसली होती.

"अव्वा रोज त्या फोटोला विभूती लावायच्या," महादेवी म्हणाली. "आडवी लावायच्या का? सगळं जग आडवी लावतंय."

शरणबसवला आठवलं. त्याची आई ईरम्मा रोज सकाळी फोटोच्या काचेवर विभूतीचं एक बोट ओढायची, ते नेहमी तिरकं जायचं, डाव्या भुवईवर. म्हातारीचा हात कापतो, असं तो समजत आला होता. एकदोनदा त्यानं हसून काच पुसून सरळ लावूनही दिली होती.

"मी एकदा विचारलं होतं त्यांना," महादेवी म्हणाली. "म्हणाल्या, शरण्यानं पुसलं ते मी रोज लावते. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या, वाईट वाटेल म्हणून."

शरणबसव उठला आणि भिंतीवरच्या अप्पांसमोर जाऊन उभा राहिला. अव्वा जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्या गुळगुळीत कपाळाकडे बघताना त्याला पहिल्यांदाच वाटलं, की आपण अप्पांना नीट ओळखत नाही. तो लहान मुलासारखा रडला. महादेवीनं त्याला रडू दिलं, मग भाकरी गरम केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बुधवार पेठेत मुक्ताबाईंच्या दारात होता.

"मावशी, माझ्याबरोबर स्टुडिओत चला. जे पुसलं ते परत करायचंय. मला त्यातलं काही आठवत नाही. तुम्हाला येतंय."

मुक्ताबाईंनी त्याच्याकडे बघितलं. "माजं ऐकून करनार तुमी?"

"तुमच्या आईचं ऐकून."

स्टुडिओत त्यानं दार आतून लावून घेतलं, मुक्ताबाईंना संगणकाशेजारी स्टुलावर बसवलं आणि त्यांच्यासमोर स्वतः बसला. "डोळे मिटा मावशी. आई कशी दाखवायची, तसं दाखवा."

मुक्ताबाईंनी डोळे मिटले. चौऱ्याहत्तर वर्षांचा सुरकुतलेला चेहरा, त्यावर एक बोट फिरायला लागलं. बोट थोडं चाचपडलं, मग त्याला वाट सापडली. ओठ हलत होते, पाढे म्हणताना हलतात तसे.

"हितं एक. त्येच्या खाली दोन, जवळजवळ. हितं लांबोडा."

"उजवा गाल ना? तुमचा उजवा तोच त्यांचा उजवा?"

"व्हय, आई समोर बसायची की. माजा उजवा त्यो त्याचा उजवा. हितं नाकाच्या शेंड्याला एक. कपाळावर सात हायत, थांबा, मोजून सांगते."

शरणबसव त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचा, पडद्याकडे वळायचा, एक वण टाकायचा. आयुष्यभर पुसण्याचं काम केलेला हात, त्याला हे उलटं काम सुरुवातीला जमेना. पहिले दोन वण त्यानं फार ठळक केले, मग हलके केले. उन्हाची बाजू कुठली, सावली कुठं पडेल, हे बघून प्रत्येकाला खोली दिली. तासाभरानं पडद्यावरचा गुळगुळीत पोरगा हळूहळू जायला लागला आणि त्याच्या जागी दुसराच कुणीतरी यायला लागला. मुक्ताबाईंनी डोळे उघडले, पडद्याला नाक लावलं.

"अगं बया," त्या म्हणाल्या. "लई लहान हाय ओ. माज्या नातवाएवडा हाय की. खालनं मला केवडा मोटा वाटायचा."

"झाले का सगळे, मावशी?"

त्या जरा अडखळल्या. मग, नव्या सुनेनं लाजावं तशा लाजून, त्यांनी वरच्या ओठावर, नाकाच्या बरोबर खाली बोट ठेवलं. "ह्यो एक ऱ्हायला. लई बारका. आई म्हनायची, ह्यो कुनाला म्हाईत न्हाय, मला एकटीलाच म्हाईत हाय. जवळ गेल्याबिगर दिसत न्हाय म्हनायची. पन ह्यो काय त्यानं चुन्यात केला नसंल. फुटपाथवरनं तिनं लई बगितला, तिला काय दिसला न्हाय."

शरणबसवचा हात माऊसवर तसाच राहिला. त्याला आठवलं. बाकी काही आठवत नव्हतं, पण हा एक आठवला. त्या रात्री ओठाच्या वर तांदळाच्या कणीएवढा एक खड्डा बुजवताना त्याच्या मनात येऊन गेलं होतं, की नाकाच्या आडोशाला इथं पाऊस कसा काय पोचला? मनात आलं, आणि हातानं तोपर्यंत काम उरकलं होतं.

"मावशी, हा होता."

"काय म्हनता?"

"होता. मी माझ्या हातानं पुसलाय. तिथं पाऊस पोचूच शकत नाही. तो त्यांनीच केला होता."

मुक्ताबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग पडद्याकडे, मग परत त्याच्याकडे. "आईला म्हाईतच न्हाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्यानं ह्यो बी केलाय हे तिला म्हाईतच न्हाय ओ. इतकी वर्सं खाली उबी ऱ्हायली."

शरणबसवनं तो वण टाकला. अगदी बारीक, होता तेवढाच. मुक्ताबाईंनी मोतीबिंदूचा डोळा बारीक करून तो सापडेपर्यंत शोधला, आणि सापडल्यावर एकदा मान हलवली.

"फ्रेम आपली तीच घालू," शरणबसव म्हणाला. "घरी आईंचा फोटो आहे ना? मापं सांगा, म्हणजे शेजारी लावायला एकसारखे होतील."

"शेजारी नगं," मुक्ताबाई म्हणाल्या. "आईच्या समोरच्या भिंतीला लावते. आमची खोली लहान हाय. तिला जवळनं दिसंल."